मोटरहोममधून दोघांचा प्रवास : नव्याने सुरुवात करणाऱ्या जोडप्यांसाठी मार्गदर्शन

मोटरहोम, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन दोघांनीच लांबच्या प्रवासाला निघायचे ठरले की सुरुवातीचे दिवस नकाशे, ठिकाणे आणि गाडीच्या आतली सजावट यांच्या चर्चेतच जातात. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र प्रवास सुखाचा होतो की त्रासाचा, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरते. टाकीत पाणी किती उरले आहे, बॅटरीवर रात्र निघेल का, सांडपाणी उद्या कुठे रिकामे करायचे आणि हे सगळे दोघांपैकी एकालाच ठाऊक आहे की दोघांनाही, हे ते प्रश्न होत. यातला शेवटचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाने फक्त गाडी चालवायची आणि दुसऱ्याने फक्त आतले घर सांभाळायचे, अशी पक्की वाटणी झाली की एखाद्याला ताप आला किंवा कंबर धरली तरी सगळा प्रवास जागच्या जागी अडून राहतो. म्हणून पुढे सांगितलेले प्रत्येक काम दोघांनीही शिकायचे आहे, असे गृहीत धरूनच हे मार्गदर्शन केले आहे.

आधी भाड्याने, मग विकत

पहिलीच गाडी विकत घेऊ नये. निदान आठवडाभरासाठी भाड्याने घ्यावी आणि त्या आठवड्यात एखाददुसरा दिवस पावसाचा आला तर ते चांगलेच समजावे. ऊन असताना दार उघडे असते आणि दोघांपैकी एकजण बाहेर बसलेला असतो, त्यामुळे कोणतीही गाडी ऐसपैस वाटते. दिवसभर पावसाची झड लागली, ओली जाकिटे कुठे टांगायची हे कळेनासे झाले आणि एकजण शेगडीपाशी उभा असताना दुसऱ्याला स्वच्छतागृहाकडे जायचे झाले, की ही गाडी आपल्या दोघांना पुरते की नाही याचे खरे उत्तर मिळते.

मोटरहोमचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात. मालवाहू व्हॅनच्या मूळ पोलादी सांगाड्यातच आत घर बसवलेले असते, तो पहिला प्रकार. या गाड्या साधारण ५.४ ते ६.४ मीटर लांब असतात आणि चालवायला सर्वांत सोप्या असतात. दुसऱ्या प्रकारात चालकाची मूळ केबिन तशीच ठेवून मागे रुंद खोली बांधलेली असते. जागा जास्त मिळते, पण रुंदी आणि उंची दोन्ही वाढतात. तिसऱ्या प्रकारात पुढपासून मागेपर्यंत एकसंध, बससारखी बांधणी असते. उत्तर अमेरिकेत यांना अनुक्रमे बी, सी आणि ए वर्ग म्हणून ओळखतात. दोघांच्या पहिल्या प्रवासासाठी मी पहिला प्रकार किंवा दुसऱ्यातली साडेसहा मीटरच्या आतली गाडी सुचवेन, कारण गाडीचा धाक वाटू लागला की माणूस अरुंद रस्ते टाळतो, आणि पाहण्यासारख्या कितीतरी जागा अरुंद रस्त्यांच्या टोकालाच असतात.

गाडी निवडताना पलंगाकडे स्वयंपाकघरापेक्षाही बारकाईने पाहावे. कोपऱ्यात भिंतीला लागून असलेल्या दुहेरी पलंगावर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचे असेल तर दुसऱ्याला ओलांडून यावे लागते. लांबीच्या दिशेने मांडलेल्या दोन एकेरी पलंगांत ही अडचण नसते. मात्र मागचा बराच भाग त्यांच्यातच जातो. बसण्याची जागा रोज मोडून तिथे पलंग करायचा, ही सोय दोन रात्रींपुरती ठीक असते. महिनाभराच्या प्रवासात मात्र रोज रात्री हा खटाटोप नकोसा होतो. गाडी पाहायला गेल्यावर दोघांनीही बूट काढून पलंगावर पंधरा मिनिटे आडवे व्हावे आणि कुशी बदलून पाहावी. यात संकोचण्यासारखे काहीही नाही.

जुनी गाडी विकत घ्यायची असेल तर इंजिनाइतकीच ओल तपासावी. छताचे आणि भिंतींचे सांधे, खिडक्यांच्या कडा आणि छतावरच्या झरोक्यांभोवतालचे सीलंट यांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपत असते आणि आतले लाकूड कुजत जाते. कपाटांच्या आत हात घालून भिंत दाबून पाहावी. ती मऊ लागली, वरचा थर सुटल्यासारखा वाटला किंवा बंद कपाटातून कुबट वास आला, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तज्ज्ञाकडून ओलमापक यंत्राने तपासणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना कंपनीचा माणूस सगळे भराभर दाखवतो आणि आपण मान डोलावतो. अर्ध्या तासाने त्यातले फारसे काही आठवत नाही. त्याने नुसते दाखवून चालणार नाही. गॅस चालू करणे, पाणी भरणे, शौचालयाची टाकी काढून परत बसवणे आणि वीजजोडणी करणे ही कामे आपल्या हातांनी, दोघांनी आळीपाळीने त्याच्यासमोर करून पाहावीत. आधीचे ओरखडे, टायर आणि छताच्या कडा यांचा व्हिडिओ घ्यावा. विम्यात छताचे आणि गाडीच्या तळाचे नुकसान पुष्कळदा वगळलेले असते आणि नवख्यांकडून नेमके तेच होते, म्हणून ते कलम नीट वाचावे.

परवाना आणि कागदपत्रे

कागदपत्रांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मात्र परवान्याची वजनमर्यादा पाहिल्याशिवाय गाडी ठरवू नये. युरोपात मोटारीच्या साध्या, म्हणजे बी वर्गाच्या परवान्यावर आजवर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येत आली आहे आणि त्यावरच्या गाडीला वेगळा वर्ग लागतो. परदेशात चालवायचे असल्यास आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार हवा की १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार, हे त्या देशाच्या नियमांत पाहून घ्यावे, कारण काही देश यांपैकी एकच नमुना मानतात. दोघांचीही नावे चालक म्हणून विम्यात नोंदवलेली असावीत. दुसरा चालक नोंदवायला काही कंपन्या जादा रक्कम घेतात. ती वाचवू नये.

वजनाचा हिशेब

नवख्यांच्या सर्वांत कमी लक्षात येणारी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे वजन. प्रत्येक गाडीला कमाल अनुज्ञेय वजन ठरवून दिलेले असते. त्यातून गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की जे उरते, तेवढेच सामान आपल्याला भरता येते. युरोपीय पद्धतीनुसार कागदावरच्या चालू स्थितीतल्या वजनात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के इंधन आधीच धरलेले असते, परंतु दुसऱ्या माणसाचे वजन धरलेले नसते. दोघांसाठी घेतलेल्या गाडीत पहिली तूट इथेच येते.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, गाडीची मर्यादा ३,५०० किलो आहे आणि तिचे चालू स्थितीतले वजन ३,०५० किलो आहे, म्हणजे हाताशी ४५० किलो आहेत. ऐकायला हा आकडा भरपूर वाटतो. आता सोबतीचा माणूस ७० किलो, पूर्ण भरलेली १०० लिटरची पाण्याची टाकी १०० किलो, विजेवर चालणाऱ्या दोन सायकली ५० किलो, बाजूला बसवलेले गुंडाळी छत २८ किलो, जादा बॅटरी आणि सोलर पॅनेल ३५ किलो, दोघांचे कपडे आणि अंथरूण ४० किलो, भांडी व शिधा ६० किलो, बाहेर मांडायचे टेबल-खुर्च्या २० किलो, आणि हत्यारे, वायरी, चाकाखालचे ठोकळे मिळून ३० किलो, अशी बेरीज केली की ४३३ किलो होतात. उरले फक्त १७ किलो, आणि अजून गॅस सिलिंडर, पुस्तके आणि बूट मोजलेलेच नाहीत.

एकूण वजन मर्यादेत असूनही एखाद्या ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या आसावर, जास्त भार येऊ शकतो. मागच्या चाकांपासून २ मीटर मागे ५० किलोच्या सायकली टांगल्या आणि दोन ॲक्सलमधले अंतर ४ मीटर असले, तर मागच्या ॲक्सलवर ५० नव्हे, ७५ किलो भार वाढतो आणि पुढच्या ॲक्सलवरचा २५ किलोने कमी होतो, कारण मागची चाके तरफेच्या टेकूसारखी काम करतात. पुढच्या चाकांना शक्ती मिळणारी गाडी असेल तर ओल्या चढावर किंवा गवतावर तिची चाके त्यामुळे जागीच फिरू लागतात. जड सामान म्हणूनच खाली आणि दोन ॲक्सलच्या मधल्या भागात ठेवावे, वरच्या कपाटांत फक्त हलक्या वस्तू ठेवाव्यात, आणि सगळे सामान, पाणी व दोघे स्वतः अशा पूर्ण तयारीनिशी गाडी वजनकाट्यावर नेऊन दोन्ही ॲक्सलचे वजन वेगवेगळे करून घ्यावे. निघण्यापूर्वीची ही एक फेरी चुकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

वजनाशी टायरचा थेट संबंध असल्यामुळे हवा थंड टायरमध्येच, आणि गाडीत प्रत्यक्ष भरलेल्या भाराला साजेशी भरावी. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. २३२१ असे लिहिले असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. मोटरहोमचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, कारण गाडी महिनोनमहिने एका जागी वजन पेलत उभी असते. त्यामुळे नक्षी खोल दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

चालवण्याचा सराव

गाडीची उंची मीटर आणि फूट या दोन्ही मापांत एका चिठ्ठीवर लिहून ती चालकाच्या नजरेसमोर चिकटवावी. २.९५ मीटरची गाडी असेल तर फुटांत वरच्या बाजूला पूर्ण करून ९ फूट ९ इंच असे लिहावे. छतावरचे पॅनेल, झरोका किंवा अँटेना यांसह ही उंची मोजलेली असावी. फोनवरच्या साध्या नकाशांना आपल्या गाडीची उंची, रुंदी किंवा वजन कळत नाही, म्हणून ही मापे भरता येतील असे नेव्हिगेशन वापरावे आणि तरीही रस्त्यावरच्या पाटीलाच अंतिम मानावे.

मोकळ्या मैदानात दोघांनीही तासभर सराव करावा. वळताना मागचा लांब भाग वळणाच्या उलट बाजूला बाहेर फिरतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. एकाने मागच्या कोपऱ्यापाशी सुरक्षित अंतरावर उभे राहून ते पाहावे, मग जागा बदलाव्यात. पेट्रोल पंपावरच्या खांबांना मोटरहोमचा मागचा कोपरा घासतो तो याच कारणाने.

गाडी मागे घेताना जोडप्यांत सर्वाधिक वाद होतात आणि ते बव्हंशी टाळता येण्यासारखे असतात. खुणा आधीच ठरवाव्यात. मार्ग दाखवणाऱ्याने गाडीच्या मागे उभे राहू नये, तर चालकाच्या बाजूच्या आरशात आपला चेहरा त्याला दिसेल अशा ठिकाणी उभे राहावे. चेहरा दिसेनासा झाला की चालकाने तत्काळ थांबायचे, हा नियम दोघांनीही मोडू नये. स्टिअरिंग कुठे फिरवायचे ते सांगू नये, गाडीचा मागचा भाग कुठल्या बाजूला जायला हवा तेवढेच हाताने दाखवावे. दोन्ही हात वर म्हणजे थांबा. ओरडून सूचना देण्याचा उपयोग होत नाही, कारण इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नाहीत, फक्त चढलेला सूर ऐकू जातो. फोन स्पीकरवर ठेवून हळू आवाजात बोललेले पुष्कळ चांगले.

घाटात उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि वेग मुख्यतः इंजिनाच्या जोरावर आवरावा. साडेतीन टनांची गाडी सतत ब्रेक दाबून उतरवली तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी पकड सोडतात. पुलावर, खिंडीच्या तोंडाशी आणि मोठा ट्रक शेजारून जाताना उंच गाडीला वाऱ्याचा जोराचा धक्का बसतो. वेग कमी असेल तर तो सहज सावरता येतो. मागे वाहने साचली की जागा मिळताच बाजूला थांबून त्यांना पुढे जाऊ द्यावे.

वीज

मोटरहोममध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात, एक इंजिनासाठी आणि दुसरी घरासाठी. घराची १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज साठते त्याचे हे माप) साधी शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर तिच्यातले निम्मेच, म्हणजे सुमारे ५० अँपिअर-तास वापरावेत. वारंवार त्याखाली उतरवली तर ती लवकर निकामी होते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीतून मात्र ८० ते ९० टक्के वीज निर्धास्त घेता येते आणि ती वजनालाही हलकी असते.

दिवसाचा खर्च मांडून पाहावा. कॉम्प्रेसरचा फ्रिज साधारण ३५ अँपिअर-तास घेतो, दिवे आणि पाण्याचा पंप ६, दोघांचे फोन आणि एक लॅपटॉप १२, छतावरचा पंखा ८, मिळून ६१. म्हणजे साध्या बॅटरीवर, बाहेरून काहीही भर पडली नाही तर, एक दिवससुद्धा पूर्ण निघत नाही. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी छतावर आडवे ठेवलेले १०० वॅटचे सोलर पॅनेल सुमारे ३०० ते ४०० वॅट-तास, म्हणजे २५ ते ३३ अँपिअर-तास परत देते. हिवाळ्यात ते त्याच्या थोड्याशाच भागावर येते. गाडी चालू असताना अल्टरनेटरमधूनही, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या वीज तयार करणाऱ्या यंत्रातूनही, भर पडते, पण नव्या इंजिनांतले अल्टरनेटर व्होल्टेज कमी-जास्त करत राहतात, त्यामुळे मध्ये चार्जिंग बूस्टर, म्हणजे घराच्या बॅटरीला योग्य तेवढे व्होल्टेज देणारे यंत्र, बसवलेला आहे ना, हे विचारून घ्यावे.

पाणी उकळण्याची विजेची किटली किंवा केस वाळवण्याचे यंत्र इन्व्हर्टरवर चालवू नये. १,८०० वॅटच्या किटलीला १२ व्होल्टवर १५० अँपिअर प्रवाह लागतो आणि पाच मिनिटांत वापरण्याजोग्या साठ्याचा चौथा हिस्सा संपतो. तेच पाणी गॅसवर उकळावे.

गॅस

इथे जरा थांबून वाचावे, कारण बाकीच्या चुका गैरसोयीच्या असतात, पण गॅसची चूक जिवावर बेतते. ब्युटेन शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होतो. म्हणून थंड प्रदेशात प्रोपेनचाच सिलिंडर घ्यावा, नाहीतर भरलेला सिलिंडर असूनही पहाटे हीटर बंद पडतो. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर ते जमिनीलगत साचतात. गाडीच्या तळाशी आणि गॅसच्या कप्प्यात त्यासाठीच छिद्रे ठेवलेली असतात. थंडी येते म्हणून ती कापडाने बुजवणे अत्यंत धोक्याचे आहे.

शेगडी पेटवून गाडी ऊबदार करू नये. बंद जागेत अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला रंग नसतो, वासही नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा असे दोन्ही अलार्म गाडीत असावेत, आणि दर आठवड्याला बटण दाबून ते वाजवून पाहावेत. सिलिंडर बदलल्यावर जोडाला साबणाचे पाणी लावावे. फुगे आले तर जोड सुटा करून पुन्हा बसवावा. धडक बसताच गॅस तोडणारा रेग्युलेटर नसेल तर प्रवासात सिलिंडरची चावी बंद ठेवावी. ही चावी कुठे आहे आणि ती कोणत्या दिशेने फिरते, हे दोघांनाही अंधारात सापडले पाहिजे.

गॅसवरही चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तो सपाट उभ्या असलेल्या गाडीतच नीट गार होतो, आणि गार व्हायला कित्येक तास घेतो, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीच चालू करावा.

पाणी आणि सांडपाणी

दोघांनी जपून वापरले तर दिवसाला सुमारे ३० लिटर पाणी लागते. त्यात अंघोळीचे प्रत्येकी ८ लिटर, भांड्यांचे ५, पिण्याचे आणि स्वयंपाकाचे ६, आणि हात धुणे व शौचालय यांचे ४ लिटर. १०० लिटरची टाकी त्या हिशेबाने तीन दिवस पुरते. अंघोळ करताना अंग ओले करावे, नळ बंद करून साबण लावावा आणि मग धुऊन काढावे, कारण शॉवर अखंड चालू ठेवला तर मिनिटाला ६ ते ८ लिटर जातात.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, खाद्यपदार्थांसाठी योग्य असलेली आणि दोन्ही टोकांना झाकणे असलेली ठेवावी. शौचालयाची टाकी धुण्याची नळी रंगाने वेगळी आणि गाडीच्या वेगळ्या कप्प्यात असावी. सार्वजनिक नळावर पाणी भरण्याआधी नळाचे तोंड पुसून थोडे पाणी वाहू द्यावे, कारण आपल्या आधी कोणी काय धुतले हे आपल्याला ठाऊक नसते. रात्री आणि गाडी चालताना पंपाचे बटण बंद ठेवावे. एखादा जोड निसटला तर पंप सगळी टाकी जमिनीवर ओतून मोकळा होतो.

भांड्यांचे आणि अंघोळीचे पाणी नेमून दिलेल्या जागीच सोडावे. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ते सोडले तर बहुतेक ठिकाणी प्रक्रिया न होता थेट ओढ्यात जाते. मोटरहोमवाल्यांना एखाद्या गावात रात्री थांबण्याची बंदी होते, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा असेच कोणीतरी सोडून गेलेले पाणी असते.

शौचालयाची काढता येणारी टाकी साधारण १७ ते २० लिटरची असते आणि दोघांना दोन ते तीन दिवस पुरते. टाकी भरल्याची निशाणी लाल होईपर्यंत थांबू नये. दोन दिवसांनी, उजेडात, वारा पाठीशी ठेवून ती रिकामी करावी. ओतताना टाकीवरचे हवेचे बटण दाबून धरले की आतले सगळे एकसारख्या धारेने बाहेर येते आणि शिंतोडे उडत नाहीत. मग थोडे पाणी घालून हलवून दोनदा धुवावी आणि फॉर्मल्डिहाइड नसलेले रसायन घालावे, कारण ते सेप्टिक टाकीतल्या जिवाणूंना मारत नाही. मोठ्या गाड्यांत बसवलेली स्थिर टाकी असेल तर आधी मैल्याची आणि नंतर सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. मैल्याच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवू नये. पाणी निघून जाते आणि घट्ट भाग तळाशी थिजून बसतो. हे काम दोघांनी पाळीपाळीने करावे. ते कायम एकाच्याच गळ्यात पडले की मनात अढी बसते.

रोजचा टप्पा आणि मुक्काम

उत्तर अमेरिकेतल्या अनेक जुन्या प्रवाशांत तीनचा नियम प्रचलित आहे. दिवसाला ३०० मैलांहून जास्त जाऊ नये, दुपारी ३ पर्यंत मुक्कामी पोहोचावे आणि एका ठिकाणी ३ रात्री राहावे. वेळ आणि मुक्काम यांबाबत मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे, पण ३०० मैल, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर, नवख्यांसाठी फार होतात. पहिल्या आठवड्यात २०० किलोमीटरपेक्षा लांबचा टप्पा ठेवू नये.

उजेडात पोहोचण्याचा फायदा असा की जमीन मऊ आहे का, फांद्या खाली आहेत का, पाऊस झाला तर पाणी कुठे साचेल, हे सगळे डोळ्यांना दिसते. ओल्या गवतावर शक्यतो गाडी घालूच नये. गाडी उभी केल्यावर पाणसळ ठेवून सपाटी पाहावी, गरजेप्रमाणे चाकांखाली उतरते ठोकळे घालावेत, हँडब्रेक ओढून चाकाला अडण लावावी, आणि थोडा उतार राहिलाच तर डोक्याची बाजू वर ठेवावी.

कुठे थांबता येते याचे नियम देशागणिक बदलतात. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये निसर्गात मोकळेपणाने वावरण्याचा हक्क आहे, पण तो पायी फिरणाऱ्यांसाठी आणि तंबूसाठी. रस्ता सोडून मोटर आत नेण्याची मुभा त्यात नाही. न्यूझीलंडने २०२३ साली कायदा बदलून स्वयंपूर्ण, म्हणजे पाणी आणि सांडपाणी स्वतःच साठवणाऱ्या, गाडीच्या प्रमाणपत्रासाठी पक्के बसवलेले शौचालय आवश्यक केले. अनेक ठिकाणी गाडी नुसती उभी करून आत झोपणे चालते, पण खुर्च्या बाहेर मांडल्या किंवा बाजूचे गुंडाळी छत उघडले की तो तळ ठोकणे समजला जातो. मोफत जागांचा मोह असला तरी पहिले चार-पाच मुक्काम वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कॅम्पसाइटवरच करावेत.

निघताना दोघांनी गाडीभोवती उलट दिशांनी एकेक पूर्ण फेरी मारावी, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन जोड्या डोळ्यांखालून जाते. वीज तोडली, पायरी आत घेतली, छतावरचे झरोके बंद केले, गॅसची चावी फिरवली, फ्रिजच्या दाराची कडी लावली, कपाटांच्या खिट्ट्या बसवल्या, ठोकळे उचलले, हे मोठ्याने म्हणून दाखवावे. कोणाशी बोलत असताना ही फेरी अर्धवट राहिली तर ती पहिल्यापासून पुन्हा मारावी.

थोड्या जागेत दोघे

मोटरहोमच्या आत एका वेळी एकालाच नीट हालचाल करता येते. सकाळी एकाने उठून पलंग आवरावा, तोवर दुसऱ्याने बाहेर जावे किंवा पडून राहावे, असा साधा क्रम लावला की धक्काबुक्की होत नाही. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि ती दोघांनी मिळून ठरवावी. चष्मा, टॉर्च, किल्ली आणि औषधे अंधारातही हाताला लागली पाहिजेत. रात्रभरात दोघांच्या श्वासातून सुमारे अर्धा लिटर वाफ बाहेर पडते आणि ती थंड काचांवर जमते, म्हणून कडाक्याची थंडी असली तरी वरचा झरोका बोटभर उघडा ठेवावा.

दिवसातला एखादा तास प्रत्येकाने एकट्याने घालवावा. एकजण फिरून येईल, दुसरा वाचत बसेल. त्यासाठी कारण द्यावे लागू नये आणि रुसवाही धरू नये. दमलेल्या अवस्थेत पुढच्या दिवसाचा मार्ग ठरवू नये. तो सकाळी, पोट भरल्यावर ठरवावा.

आपत्कालीन तयारी थोडक्यात अशी. आगरोधक चादर शेगडीजवळ आणि अग्निशामक दाराजवळ असावे. आग भडकली तर विझवत बसू नये, आधी बाहेर पडावे, कारण आतले लाकूड, फोम आणि प्लास्टिक फार झपाट्याने पेटते. मुख्य दार अडले तर कोणत्या खिडकीतून बाहेर पडता येईल ते एकदा उघडून पाहावे. चालकाची सीट रात्रीही सामानाने अडवू नये. युरोपीय संघात ११२ या क्रमांकावर मदत मिळते. इतरत्र त्या देशाचा क्रमांक आणि त्या रात्रीच्या मुक्कामाचे अक्षांश-रेखांश एका कागदावर लिहून ठेवावेत.

परतल्यावर

घरी पोहोचलेल्या दिवशीच तिन्ही टाक्या रिकाम्या करून धुवाव्यात. दुसऱ्या दिवसावर टाकले की आठवडा जातो आणि वास मुरतो. फ्रिज पुसून त्याचे दार फटीएवढे उघडे ठेवावे, नाहीतर आत बुरशी धरते. गाद्या भिंतीपासून सुट्या करून उभ्या कराव्यात. गॅस बंद करावा आणि बॅटरी पूर्ण भरून ठेवावी, कारण अर्धवट उतरलेली शिशाची बॅटरी तशीच पडून राहिली की खराब होते. जे सामान एकदाही बाहेर काढले नाही ते दोघांनी मिळून लगेच उतरवावे, म्हणजे पुढच्या वेळच्या वजनात ते येणार नाही.

पाणी गोठण्याइतकी थंडी पडणाऱ्या भागात गाडी उभी राहणार असेल तर नळ, पंप आणि बॉयलर यांतले सगळे पाणी काढून टाकावे. काही बॉयलरांत सुमारे ३ अंश तापमानाला आपोआप उघडणारी झडप असते, परंतु तिने बॉयलर रिकामा होतो, नळ्यांतले पाणी तसेच राहते. त्यामुळे सगळे नळ गरम आणि गार यांच्या मधोमध उघडे ठेवावेत, शॉवरची तोटी खाली सोडावी, आणि पाण्याच्या झडपा उघड्या आहेत अशी चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवावी, म्हणजे पुढच्या हंगामात दोघांपैकी जो कोणी आधी पाणी भरायला जाईल त्याला ती झडपा बंद करण्याची आठवण करून देईल.